काळ्या पानाचा निकाल

माझ्या आयुष्यात मी एकही सिगार ओढलेला नाही, पण चांगला सिगार कोणता ते मला कळतं. हे सांगितलं की लोक माझ्याकडे जरा संशयानेच पाहतात. टेलिफोन खात्यातून रिटायर झालेली, सरळ नाकासमोर चालणारी बाई, हिला सिगारचं काय करायचंय? पण ज्ञान कुठून कसं अंगावर उडेल ते सांगता येत नाही. माझ्या अंगावर ते देवळाली कॅम्पात उडालं, रविवारच्या दुपारी, अर्धवट झोपेत.

आणीबाणी उठली त्याच्या पुढच्या वर्षी मी कॅम्पातल्या एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून लागले. लॅम रोडच्या मागच्या गल्लीत निलगिरीच्या झाडांखाली एक बैठं कौलारू घर होतं. पुढे व्हरांडा, मागे एक सुटी खोली. ती खोली मला मिळाली. घराचे मालक तोफखान्याच्या ऑफिसर्स मेसमधून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. किडकिडीत बांधा, पांढऱ्या मिश्या, आणि घरातही इस्त्रीचा शर्ट. मी ट्रंक खाली ठेवली तेव्हा त्यांनी माझं नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. हवेत जरा नाक वर केलं आणि म्हणाले, "सटाण्याकडच्या दिसता बाई. घराला लागून कांद्याची चाळ आहे तुमच्या."

दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. मला इतका राग आला की त्या दिवशी मी दोनदा आंघोळ केली.

पुढे कळलं की या नाकाला कॅम्पात मान होता. बाजारातला किराणावाला नवं तूप आलं की त्यांच्यापुढे डबा उघडायचा. ते झाकणावरूनच "आण" किंवा "परत कर" एवढंच म्हणायचे. सगळे त्यांना बाबा म्हणत, मीही म्हणू लागले. त्यांच्या बायकोला मी मावशी म्हणत असे. मावशी माहेरच्या सिन्नरच्या. लग्नाआधी आणि लग्नानंतरही बरीच वर्षं त्यांनी विड्या वळलेल्या. नवऱ्याच्या या सिगारच्या शास्त्राकडे त्या नाक मुरडून बघत. "येवढा जाड सोटा, आन त्याचं येवढं कवतिक," असं म्हणून पीठ चाळायला घेत.

शास्त्राचा तास रविवारी दुपारी तीनला भरायचा. लॅम रोडवरच्या एका जुन्या बंगल्यात एक निवृत्त कर्नल राहत. पत्नी वारलेली, मुलगी डेहराडूनला दिलेली. त्यांचा भाचा मालवाहू बोटीवर होता. चार-सहा महिन्यांनी तो कुठल्या तरी बंदरातून सिगारची लाकडी पेटी आणायचा. पेटीतले दोन सिगार खिशात घालून, हातात काठी घेऊन, साहेब चालत आमच्या व्हरांड्यात यायचे. एक स्वतःसाठी, एक बाबांसाठी. बाबा निकाल देईपर्यंत साहेब स्वतःचा सिगार पेटवत नसत. ही रीत मेसमधली. तिथे वीसेक वर्षं बाबांनी हेच काम केलं होतं, आणि साहेब लेफ्टनंट होते तेव्हापासून त्यांच्यासाठी सिगार निवडून दिला होता.

व्हरांड्याला लागून माझी खिडकी. सकाळपाळी करून आलेली मी जेवून आडवी व्हायची. लांब डोंगराकडे तोफांचा सराव चालायचा. आवाज घरापर्यंत येईतो थकून जायचा आणि काचा तेवढ्या जराशा थरथरायच्या. निलगिरीची पानं, मावशींच्या चाळणीची लय, आणि खिडकीतून हळूहळू आत येणारा तो गोडसर जड धूर. माझ्या डोळ्यांवर झापड यायची. स्वप्नात आहे की जागी आहे ते मला कळायचं नाही, पण बाबांचा आवाज त्या झोपेतही नीट ऐकू यायचा. आमच्या धंद्यात कानच सगळं काम करतात.

आधी ते सिगार हातात घेतच नसत. टेबलावर पांढरा रुमाल पसरून त्यावर ठेवत आणि नुसते बघत बसत. वरचं पान काळं हवं, पण मेलेलं काळं नको. त्यावर तेलकट तकाकी हवी, नुकत्या विंचरलेल्या केसांवर असते तशी. शिरा बारीक हव्यात. पानाचा जोड कुठे आलाय ते शोधूनही सापडता कामा नये. मग दोन बोटांत धरून कानाशी नेत आणि हलकेच फिरवत. कुरकुरला तर सुकलाय. मग बुडापासून डोक्यापर्यंत बोटं दाबत जात. कुठे बोट आत गेलं तर तिथे भरण कमी, कुठे गाठ लागली तर तिथे धूर अडणार. याला ते बांधणी म्हणत. बांधणी झाली की डोक्याची टोपी कापायची, न पेटवता एक कोरडा झुरका घ्यायचा, आणि मग काडी. ज्योत लावायची नाही, नुसती धग दाखवायची. पेटल्यावर कडा सगळीकडून सारखी जळायला हवी आणि राख निदान बोटभर धरून राहायला हवी. कुणी सिगारला चिरूट म्हटलं तर बाबांना खपत नसे. चिरुटाची दोन्ही तोंडं उघडी असतात, सिगारचं डोकं झाकलेलं असतं, हे त्यांनी दूधवाल्यालासुद्धा समजावून सांगितलं होतं. दूधवाल्याला घाई होती तरी.

चव सांगायला त्यांच्याजवळ इंग्रजी शब्द नव्हते. लागतही नव्हते. "सुरुवातीला मनुका. काळ्या, बी असलेल्या. मग भाकरीचा करपलेला पापुद्रा. आता थांबा साहेब... आता काकवी आली. तळाची, कढईला लागलेली." मधे मधे ते बराच वेळ गप्प राहत. या गप्प राहण्यात सगळी मजा असायची. साहेब खुर्चीच्या कडेवर आलेले असत. शेवटी बाबा सिगारला हुद्दा देत. हा नायक, हा सुभेदार. सुभेदार-मेजर माझ्या काळात दोनच झाले.

एकदा साहेबांबरोबर त्यांचे कुणी पाहुणे आले होते. ते म्हणाले, इतकं काळं पान म्हणजे फार कडक असणार. बाबांनी रुमाल नीट घडी केला. "पान ढिगात घालून घाम गाळायला लावतात साहेब," ते म्हणाले. "जितका घाम गाळला तितकं काळं, आणि तितकंच गोड. रंगावर जाणारा माणूस फसतो." एवढं बोलून ते चहाचं सांगायला आत आले आणि स्वयंपाकघरात उगाचच दोन मिनिटं उभे राहिले. बाबा सिन्नरजवळच्या गावचे. लहानपणी गावच्या विहिरीवर काय सोसलं ते त्यांनी मला कधी सांगितलं नाही, मावशींनी सांगितलं. पुढे दोघांनी दीक्षा घेतली. सकाळी मावशींची वंदना चालायची तेव्हा बाबा शेजारी डोळे मिटून बसलेले असत. गावात ज्यांच्या हातचं पाणी चालत नव्हतं, त्यांनी निवडलेला सिगार मेसमध्ये ब्रिगेडियर निमूटपणे ओढत होते. हे बाबांनी मोठ्यांदा कधी म्हटलं नाही. पण त्यांच्या निकालाला ते इतके का जपत, ते मला त्यावरून उमगलं. खोटा निकाल त्यांनी कधी दिला नव्हता. एका जनरलने भेट दिलेल्या पेटीला भर पार्टीत "बांधणी फसलेली आहे साहेब" असं म्हणून त्यांनी महिनाभर शिक्षेची ड्यूटी केली होती. ती गोष्ट सांगताना त्यांचा चेहरा खुलायचा.

हे शास्त्र ते माणसांनाही लावत. माझे दादा, म्हणजे वडील, एकदा सटाण्याहून एक स्थळ घेऊन आले. दारात पाय टाकताच धुराचा वास घेऊन त्यांनी मला बाजूला विचारलं, "हाऊ कसाना वास शे वं?" मी म्हटलं, परीक्षा चालू आहे. मुलगा नाशिकरोडला छापखान्यात होता, गोरा, बोलका, केस मागे वळवलेले. बाबांनी त्याला तासभर चहा पाजला, आणि तो गेल्यावर कुणी विचारलं नसताना म्हणाले, "वरचं पान झकास आहे. आत भरण कमी आहे. राख धरणार नाही." दादा जाम भडकले. मी मात्र हसत सुटले आणि ते स्थळ तिथेच मोडलं. पुढे ऐकलं की तो माणूस फार चांगला संसारी निघाला, आजारी आईची वर्षानुवर्षं सेवा केली त्याने. तेव्हा बाबांचं शास्त्र तंबाखूपुरतंच खरं होतं, हे मी इथे नमूद करून ठेवते.

ज्या हिवाळ्याबद्दल मला सांगायचंय त्या हिवाळ्यात बाबांना पंधरा दिवस ताप आला. कॅम्पातली थंडी, त्यात सर्दी छातीत उतरलेली. ताप गेला, खोकला गेला, पण काहीतरी मागे राहिलं. एका सकाळी मी पाणी भरायला गेले तर स्वयंपाकघरात दूध उतू जाऊन करपलेलं, घरभर वास, आणि बाबा स्टोव्हपासून हातभर अंतरावर पेपर वाचत बसलेले. त्यांनी मान वर करून मला विचारलं, "आज एवढ्या लवकर निघालात?" मी स्टोव्ह बंद केला. त्यांनी पातेल्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि पुन्हा पेपर वर धरला. तो उलटा नव्हता, पण ते वाचत नव्हते.

मावशींना माहीत होतंच. "त्यास्नी वासच येत नाय, पोरी," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "भाजीत हिंग घाल म्हनत्यात लय. आपल्याला कळलंय असं दावू नको."

मी दाखवलं नाही. रविवार येतच राहिले. साहेब यायचे, रुमाल पसरला जायचा, बांधणी व्हायची, आणि काडी ओढल्यावर बाबा बोलू लागायचे. खिडकीआड झोपेच्या कडेवर पडल्या पडल्या मला दोन गोष्टी कळल्या. एक, ते आता मधे गप्प राहत नव्हते. दुसरं, ते जे सांगत होते ते मी आधी ऐकलेलं होतं. मनुका, पापुद्रा, तळाची काकवी. आदल्या वर्षीच्या दिवाळीतल्या सिगारचा निकाल शब्दन् शब्द या सिगारला लागत होता. नंबर फिरवून न पाहताच "लाईन बिझी आहे" म्हणून सांगणारे ऑपरेटर मला माहीत होते. तोच सूर. मी कूस बदलायची आणि साहेबांचं "वा, वा" ऐकत पडून राहायची. मला वाईट वाटायचं आणि राग यायचा, दोन्ही एकदम. ज्या माणसाने जनरलला तोंडावर सांगितलं, तो आता दर रविवारी पाठांतर म्हणून दाखवत होता, आणि ते का, हेही मला दिसत होतं. हे रविवार गेले असते तर बाबांकडे उरलं काय असतं? इस्त्रीचा शर्ट.

थंडी सरली. साहेबांच्या बंगल्यावर नवा गडी आला होता. त्याने लोकरीचे कपडे ट्रंकेत घालताना पसारा आवरायचा म्हणून सिगारची पेटीही त्याच ट्रंकेत ठेवली, डांबराच्या गोळ्यांसकट. सिगार त्यानेच काढून दिल्यामुळे हे साहेबांना नंतर कळलं. त्या रविवारी मी जागी होते आणि चहाचा ट्रे घेऊन व्हरांड्यात आले तेवढ्यात साहेबांनी खिशातून दोन सिगार काढून रुमालावर ठेवले. ट्रे खाली ठेवायच्या आत माझ्या नाकात डांबराच्या गोळ्यांचा भपकारा गेला. कपाटं उघडल्यासारखा.

बाबांनी बांधणी पाहिली, टोपी कापली, कोरडा झुरका घेतला, धग दाखवली. धूर सोडला. "साहेब, हा सुभेदार-मेजर आहे," ते म्हणाले. "मनुका आहे, काकवी आहे, शेवटाला जरासं चंदन."

साहेबांनी आपला पेटवला. एक झुरका घेतला आणि थांबले. सिगार डोळ्यांसमोर धरून फिरवून पाहिला. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, हसू नव्हतं. लहान मूल जत्रेत हात सुटल्यावर बघतं तसे ते बघत होते. "हवालदार," ते म्हणाले, "आणखी कसला वास येतो का?"

"नाही साहेब. एकदम स्वच्छ आहे."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. तेव्हा मी बोलायला हवं होतं. एक शब्द पुरला असता. पण बाबा माझ्याकडे बघत होते आणि त्यांच्या डोळ्यांत काय होतं ते मी सांगू शकत नाही. मी रिकाम्या न झालेल्या कपबशा उचलल्या आणि आत गेले.

पुढच्या रविवारी साहेब आले नाहीत. गड्याबरोबर चिठ्ठी आली, तब्येत बरी नाही. त्याच्या पुढच्या रविवारीही नाहीत. बाबा तीनला दोन्ही खुर्च्या मांडायचे, रुमाल काढायचे आणि पाचला आत नेऊन ठेवायचे. काय झालं असेल याचा मला अंदाज होता. साहेबांनी खोटेपणा ओळखला आणि भिडेखातर तोंडावर काही न बोलता इकडे येणं बंद केलं, असं मी धरून चालले होते. मावशींनाही तेच वाटत होतं. आम्ही दोघी चुलीसमोर बसून त्यावर कुजबुजत होतो आणि काहीच करत नव्हतो.

तिसऱ्या आठवड्यात, मंगळवारी सकाळी, बोर्डावर साहेबांचा नंबर उजळला. डेहराडूनचा ट्रंक कॉल. मी लाईन जोडली. आमचा नियम असा की आवाज पोचला की कान काढून घ्यायचा, आणि चुकून काही ऐकलंच तर ते बोर्डावरच सोडून घरी जायचं. मी तो नियम कधी मोडला नव्हता. कॅम्पातल्या निम्म्या घरांची भांडणं मला पाठ होती, पण माझ्या तोंडून एक अक्षर बाहेर गेलं नव्हतं. त्या दिवशी लाईन खरखरत होती म्हणून मी थांबले.

"बेटा, मी इथलं आवरायला घेतलंय," साहेब म्हणत होते. "डोकं दगा द्यायला लागलं. नसलेले वास येतात मला. तुझ्या काकांचं असंच सुरू झालं होतं, आठवतं ना?" मुलगी म्हणाली, आधी डॉक्टरला दाखवा. "डॉक्टर काय सांगणार? हवालदाराने तोच सिगार ओढला माझ्यासमोर. त्याला काही आलं नाही. त्याचं नाक चुकत नाही, बेटा. मग चुकतंय ते माझंच."

कॉलची तीन मिनिटं संपली तरी मी प्लग काढला नव्हता.

घरी आले ती थेट स्वयंपाकघरात. मावशींना सगळं सांगितलं. त्यांनी हातातलं पीठ परातीत टाकलं. "मला कशापायी सांगतीस? त्यास्नी सांग. म्होरं होऊन सांग, मी हाय मागं."

बाबा व्हरांड्यात बुटाला पॉलिश करत होते. मी उभ्यानेच बोलले. बोर्डावरचं बोलले, डांबराच्या गोळ्यांचं बोलले, दुधाचंसुद्धा बोलले. बाबांचा ब्रश थांबला नाही. माझं संपल्यावर त्यांनी विचारलं, "पहिल्या धुरालाच आला वास तुम्हाला?"

"पेटवायच्या आधीच, बाबा."

त्यांनी ब्रश खाली ठेवला. मग म्हणाले की हे साहेबांना सांगितलं तर साहेब पुन्हा या घरी कशाला येतील. नाक गेलेल्या माणसाला कोण विचारतं? तेही एक वेळ चाललं असतं, पण आता नाकाबरोबर जबानही गेली. मेसमध्ये चाळीस साहेब होते, गावात पाचशे उंबरा होता, पण त्यांच्या शब्दावर स्वतःला वेडं ठरवील असा माणूस त्यांना आयुष्यात एकच भेटला. हे त्यांनी अगदी सरळ सांगितलं, कुणाबद्दल तक्रार न करता. मावशी दारात उभ्या होत्या. त्या आत जाऊन कोट घेऊन आल्या.

बाबांनी कोट घातला. "चला बाई," ते मला म्हणाले. "तुम्ही साक्षीदार."

बंगल्याच्या व्हरांड्यात लाकडी खोकी रचलेली होती. साहेब दिवाणखान्यात एका खुर्चीवर बसले होते, समोर पुस्तकांचे ढीग. तीन आठवड्यांत दहा वर्षांनी म्हातारे दिसायला लागले होते. बाबा दारातच टाचा जुळवून उभे राहिले.

"साहेब, रिपोर्ट द्यायचाय. माझं नाक डिसेंबरपासून बंद आहे. करपलेलं दूध कळत नाही मला. तेव्हापासूनचे सगळे निकाल खोटे. शेवटचा सगळ्यात खोटा."

साहेब त्यांच्याकडे बघत राहिले. मग माझ्याकडे वळले. "बाई, त्या दिवशी तुम्ही चहा आणला होता. तुम्हाला काही वास आला होता?"

"आला होता."

"कसला?" त्यांनी मुद्दामच काही सुचवलं नाही. खुर्चीचे हात मात्र घट्ट धरले होते.

"डांबराच्या गोळ्यांचा."

साहेबांनी डोळे मिटले. त्यांनी मान खाली घातली. मी कधी कुणाला इतकं हायसं वाटताना पाहिलं नाही. पण ते मिनिटभरच. मान वर आली तेव्हा ते चिडले होते. तीन आठवडे, ते म्हणाले. तीन आठवडे ते रोज सकाळी उठून स्वतःला आठवड्याचे वार विचारत होते. मुलीला रडवलं होतं. बंगल्याला गिऱ्हाईक बघितलं होतं. "आणि तुम्ही," ते माझ्यावर गरजले, "कपबशा उचलून आत गेलात." मी तेच केलं होतं.

मग त्यांना काहीतरी सुचलं. "पण हे सांगायला बरोबर आजच कसे आलात? मी चाललोय, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

बोर्डावर ऐकलेलं मी बाहेर सांगितलं होतं. नोकरी गेली, असंच मला वाटलं.

"रस्त्यावरून खोकी रचलेली दिसतात साहेब," बाबा म्हणाले, टाचा जुळवलेल्याच ठेवून, चेहऱ्यावरची रेषाही न हलवता. खरं बोलायला आलेला माणूस माझ्यासाठी तिथल्या तिथे पुन्हा खोटं बोलला, आणि या वेळी त्यांचा सूर मला अजिबात पकडता आला नाही.

साहेबांचा राग ओसरायला वेळ लागला. त्यांनी गड्याला हाक मारून चहा सांगितला आणि बाबांना बसायला सांगितलं. बाबा बसेनात. तेव्हा साहेब स्वतः उठले, आतून पत्र्याचा एक डबा घेऊन आले. ट्रंकेतल्या पेटीतले नव्हेत, वेगळे ठेवलेले तीन-चार सिगार होते त्यात. काळेशार. एक काढून त्यांनी बाबांपुढे धरला.

"आता मी काय सांगणार साहेब?" बाबा म्हणाले.

"बोटं गेलीत का तुमची?"

बाबा अखेर बसले. खिशातला रुमाल गुडघ्यावर पसरला. सिगार फिरवला, कानाशी नेला, बुडापासून बोटं दाबत नेली. या वेळी ते मधे थांबले आणि गप्प राहिले, पूर्वीसारखे, आणि मी दाराशी उभी राहून त्या शांततेकडे कान लावला. "मध्यात एक गाठ आहे," ते म्हणाले. "बारीक आहे. निम्म्यावर धूर जरा अडेल, मग सुटेल. बांधणी पहिल्या दर्जाची. चवीचं तुम्ही सांगा."

साहेबांनी सिगार परत घेतला, पेटवला. झुरका घेतला. बाबा पुढे वाकून त्यांच्या तोंडाकडे बघत होते. साहेबांनी धूर सोडला, छताकडे पाहिलं, काही शब्द शोधले. आयुष्यभर त्यांनी नुसतं ऐकलेलं. "चांगला आहे," ते म्हणाले.

"चांगला म्हणजे काय साहेब? नीट सांगा."

साहेब ओशाळले. पुन्हा एक झुरका घेतला. "ओलं... थांबा. गोणपाट. ओल्या गोणपाटासारखं काहीतरी आहे."

"गोणपाट कसलं? कांद्याचं की धान्याचं?"

"धान्याचं."

"कोणत्या धान्याचं?"

आता साहेबांनी डोळे मिटून घेतले. धूर त्यांच्या कपाळावरून वर गेला, उन्हाच्या तिरिपेत जरा वेळ रेंगाळला आणि खिडकीकडे वळला. गडी चहा घेऊन दाराशी थबकला. "बाजरी," साहेब खूप वेळाने म्हणाले, हळू, स्वतःशीच खात्री करून घेत. "नवी बाजरी. मळणी झाली आणि वरून शिडकावा आला, तशी."

बाबांनी काही विचारलं नाही. त्यांनीही डोळे मिटले आणि श्वास आत घेतला, सावकाश, छातीभर. त्यांना तो वास आला. डॉक्टर काहीही म्हणोत, मी तिथे उभी होते, आणि त्यांना तो आला.